मलेशियात भाड्याची गाडी चालवणार आहोत. तिथल्या रस्त्यावरच्या पाट्या आधी पाठ करून जाव्यात का?

पाठ कशाला? लायसन्स काढताना जे शिकलात ते तिथेही चालतं. लाल वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे तसंच केलं पाहिजे. गाडी डावीकडूनच चालवायची. धोक्याच्या सूचना मात्र आपल्यासारख्या लाल काठाच्या त्रिकोणात नसतात, पतंगासारख्या टोकावर उभ्या केलेल्या पिवळ्या चौकोनात असतात. रस्त्याचं काम चालू असेल तर पाटी नारिंगी. एक्स्प्रेसवेवर दिशादर्शक फलक हिरवे, बाकी रस्त्यांवर निळे. झाली चिन्हं.

लोक अडतात ते शब्दांवर. लिपी रोमन असल्यामुळे वाचता येतं, पण भाषा मलय. थांबायच्या लाल अष्टकोनावर 'बरहन्ती' लिहिलेलं असतं. 'बरी लालुआन' म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या, 'सहाला' म्हणजे एकेरी वाहतूक, 'लन्चोंगान' म्हणजे वळवलेला रस्ता, 'जालान माती' म्हणजे पुढे रस्ता संपला. 'आवास' दिसलं की सावध व्हायचं आणि 'कुरांगकान लाजू' दिसलं की वेग कमी करायचा.

या शेवटच्या दोन शब्दांवरून आमच्या घरात अजून वाद आहे, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मी क्वालालंपूरजवळच्या शाह आलममध्ये नोकरीला होतो तेव्हा साडू सहकुटुंब आले होते. बेत पर्हेंतियान बेटांचा ठरला. ती पूर्व किनाऱ्यावर, आम्ही पश्चिमेला, म्हणजे आधी उत्तरेला जाऊन मग जंगल आडवं कापायचं. सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण साडूंची अंघोळ, मग पूजा, मग इपोहला जेवण आणि वर तिथली प्रसिद्ध पांढरी कॉफी. क्वाला कांगसारला एक्स्प्रेसवे सोडला तेव्हाच ऊन कलायला लागलं होतं. गेरिकला टाकी फुल केली (तुम्हीही तिथेच करा, पुढे जंगलच आहे) आणि पूर्व-पश्चिम महामार्गाला लागलो.

हा गेरिक ते जेली रस्ता 1982 साली खुला झाला. त्या काळात या जंगलात कम्युनिस्ट बंडखोर होते, लष्कराच्या पहाऱ्यात काम झालं. बंडखोरांशी करार झाला 1989 साली. आता बंडखोर नाहीत, हत्ती आहेत. बेलुम-तेमेंगोरचं जंगल रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलंय आणि हत्तींना इकडून तिकडे जायचंच असतं. गेरिकच्या बाजूला प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून सरकारने रस्ता पुलावरून उंच नेलाय. हत्ती प्रत्येक वेळी त्याच पुलाखालून जातील असं थोडंच आहे?

तेमेंगोर तलावाचा पूल ओलांडेपर्यंत अंधार पडला. पिवळ्या चौकोनात काळा हत्ती आणि वेग कमी करायची सूचना दिसली. मी ऐंशीवरून चाळीसवर आलो. पुढे परत तशीच पाटी. साडू शेजारी बसलेले. म्हणाले, "अहो, अशा पाट्या आपल्या ताम्हिणीतसुद्धा आहेत. कधी काही आडवं आलंय? रस्ता वाचायचा असतो, पाट्या नव्हे." मागे एक लॉरी डिपर मारत होती. साडू म्हणाले, "तो बघा, शिव्या घालतोय." मी म्हटलं, घालू दे.

मग रस्त्यावर ताजी लीद आणि मोडलेला बांबू दिसला. वळण घेतलं आणि साडू ओरडले, "हत्ती!" डावी लेन अडवून एक हत्तीण उभी होती, पायाशी पिल्लू. हत्तीची कातडी हेडलाइटमध्ये चमकत नाही, अंधारात तो डांबराच्याच रंगाचा दिसतो. मी थांबलो, दिवे डिमवर घेतले. साडूंचा हात हॉर्नकडे आला, तो मी झटकला. मागच्या लॉरीवाल्यानेही डिपर बंद करून चारही इंडिकेटर लावले. त्याला कळत होतं. मी त्याच्या अंगावर न जाता जेवढी जमली तेवढी गाडी मागे घेतली. हत्तीण कडेचं गवत उपटत राहिली, तिला घाई नव्हती. मागच्या सीटवर आमच्या मेहुणीबाईंनी अथर्वशीर्ष सुरू केलं. शेवटी दोघं उताराने खाली गेली, तरी आम्ही जरा वेळ तिथेच होतो, कारण मागून आणखी कळप येऊ शकतो.

तेव्हापासून प्रत्येक बारशाला आणि मुंजीला साडू सांगतात, "मी हत्ती पाहिला म्हणून सगळे वाचले." पाहिला, मान्य. पण भाऊ, तुम्ही पाहिला तेव्हा गाडी चाळीसवर होती. ऐंशीवर असती तर हत्तीने तुम्हाला पाहिलं असतं. चाळीस कोणी केली? पाटीने. गूगल मॅप्सवाली बाई त्या वळणावर "सरळ चालत राहा" म्हणत होती.

मुळात मलेशियात पाट्या उगाच लावत नाहीत, असं माझं मत झालंय. 'कावासान कमलांगान', म्हणजे अपघातप्रवण भाग, लिहिलं असेल तर तिथे खरंच गाड्या आदळलेल्या असतात. आपल्याकडे सवयीने पाटीकडे दुर्लक्ष होतं, ती सवय विमानतळावरच ठेवा.

वेगमर्यादा बघायची राहिली. एक्स्प्रेसवेवर सहसा 110, फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या) रस्त्यांवर 90, पण हारी राया (म्हणजे ईद) किंवा चिनी नववर्षाच्या गर्दीत 90 चे 80 करतात. पाटीवर कमी आकडा असेल तर तोच खरा, कॅमेरे आहेत.

हे सगळं द्वीपकल्पाच्या भागापुरतं. सीमा ओलांडून थायलंडात गेलात तर पाट्या थाई लिपीत, तिथे वरचे शब्द उपयोगाचे नाहीत. इंटरनॅशनल परमिट आपल्या आरटीओतून काढून न्या, गाडी भाड्याने देणारे मागतात. आणि टोल भरायच्या टच एन गो कार्डात आधीच पैसे भरा. टोलनाक्यावर नोटा काढून उभे राहिलात तर मागचे लोक, मलेशियन असूनसुद्धा, हॉर्न वाजवतात.