वाचकांचे प्रश्न : दूरच्या राऊटरपर्यंत जाणारी दुसरी वाट

प्रश्न : आमच्या कंपनीचे मुख्य कार्यालय इंदुरात विजयनगरला असून कारखाना पीथमपूरला आणि गोदाम देवासला आहे. दोन्हीकडचे राऊटर, स्विच आणि फायरवॉल मी इंदुरातून सांभाळतो. अलीकडे फायरवॉलच्या नियमांत बदल करताना कारखान्याशी असलेला माझाच संपर्क तुटला आणि लॅपटॉप व कन्सोल केबल घेऊन रात्री पीथमपूर गाठावे लागले. त्यामुळे टर्मिनल सर्व्हर बसवण्याचा विचार आहे. सिस्को कंपनीचा जुना २५११ राऊटर कपाटात पडून आहे. तो चालेल का, आणि मांडणी करताना काय पाहावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपला विचार योग्य आहे. उपकरणाचा कन्सोल पोर्ट, म्हणजे थेट तार जोडून त्याला आज्ञा देण्याची खाच, आयपी पत्त्यावर (जाळ्यावरच्या पत्त्यावर) अवलंबून नसतो. नियम चुकले, रूटिंग बिघडले, किंवा उपकरण अर्धवट बूट होऊन थांबले, तरी त्या पोर्टवर संदेश उमटत राहतात. टर्मिनल सर्व्हर असे अनेक कन्सोल पोर्ट एका जागी आणून दुरून उघडून देतो. मात्र त्याचा सगळा उपयोग एकाच गोष्टीवर ठरतो आणि खरेदीच्या गडबडीत नेमकी तीच मागे पडते. त्याच्यापर्यंत जाणारी वाट जर कारखान्याच्या त्याच राऊटर-फायरवॉलमधून जात असेल, तर ज्या रात्री त्याची गरज पडेल त्याच रात्री तो आपल्या हाती लागणार नाही.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते, हे अनेकांना आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचे मुख्य जाळे तुटले. नेहमीच्या वाटेबरोबरच, अशा प्रसंगासाठी ठेवलेला स्वतंत्र प्रवेशमार्गही बंद पडल्याचे कंपनीने नंतर सांगितले, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, म्हणून आपण वाटेचा विचार आधी करावा आणि यंत्राचा नंतर.

आपल्यासारख्या ठिकाणी दुसरी वाट म्हणजे बहुधा सिम घातलेला फोर-जी राऊटर, किंवा दुसऱ्या कंपनीचे साधे ब्रॉडबँड. कन्सोलचा वेग सहसा सेकंदाला ९६०० बिट एवढाच असतो, त्यामुळे महागड्या जोडणीची गरज नाही. सिमच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. मोबाइल कंपन्या बहुतेक ग्राहकांना सामाईक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून त्या सिमवर थेट पोचता येत नाही. यावर उपाय असा की जोडणी कारखान्याच्या बाजूनेच सुरू व्हावी : फोर-जी राऊटरने वायरगार्डसारखा व्हीपीएन बोगदा (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, सांकेतिक वाट) स्वतः उघडून आपल्या एखाद्या सार्वजनिक पत्त्याच्या सर्व्हरपर्यंत आणावा आणि दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवून तो जागता ठेवावा. तो सर्व्हर मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलमागे नसलेला बरा. पत्र्याच्या शेडमधील लोखंडी रॅकमध्ये सिग्नल कमी मिळतो, म्हणून अँटेना बाहेर काढावा. रिचार्जची तारीख कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावी आणि महिन्यातून एकदा मुख्य लाइन मुद्दाम बाजूला ठेवून याच वाटेने आत जाऊन पाहावे. सिमची मुदत संपल्याचे ऐन अडचणीच्या वेळी कळणे फार वाईट.

आता २५११ विषयी. कन्सोलची तार आरएस-२३२ या जुन्या सिरियल पद्धतीची असल्याने ती साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची मानली जाते; म्हणजे पीथमपूरला एक आणि देवासला दुसरा, असे दोन टर्मिनल सर्व्हर लागतील. २५११ वर १६ लाइन (कन्सोल जोडण्याच्या जागा) मिळतात, त्यासाठी आठ-आठ टोकांच्या दोन ऑक्टल केबल लागतात. ती टोके सिस्कोच्या कन्सोल पोर्टमध्ये थेट बसतात, वेगळी रोलओव्हर केबल (दोन टोकांना तारांचा क्रम उलटा असलेली) मध्ये घालायची नसते. इतर कंपन्यांच्या पोर्टमध्ये तारांचा क्रम वेगळा असू शकतो, तो माहितीपुस्तिकेत पाहूनच जोडावे. पहिल्या लाइनवर पोचण्यासाठी २००१ आणि सोळाव्या लाइनसाठी २०१६ या पोर्टवर टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी पद्धत) करायचे.

येथे एक खोच आहे, जिच्यात नवखे लोक तासन्‌तास अडकतात. लाइनवर ‘नो एक्झेक’ ही आज्ञा दिली नाही, तर टर्मिनल सर्व्हर त्या लाइनवर स्वतःचा लॉगिन प्रश्न पाठवतो. पलीकडचा राऊटर ते आलेले उत्तर समजून आपला प्रश्न परत पाठवतो, आणि दोन यंत्रे एकमेकांना नावे विचारत बसतात. आपण जोडायला जातो तेव्हा लाइन आधीच गुंतलेली असते आणि जोडणी नाकारली जाते. ‘क्लिअर लाइन’ देऊन ती तात्पुरती सुटते, पण कायमचा उपाय ‘नो एक्झेक’ हाच.

तरीही प्रत्यक्ष कामासाठी २५११ बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टेलनेटवरून पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, आणि आजच्या कसोटीला उतरणारे एसएसएच (टेलनेटचेच काम सांकेतिक भाषेत करणारी पद्धत) या जुन्या यंत्रावर मिळत नाही. त्याच्यावर सराव अवश्य करावा. खरेदी मात्र एसएसएच असलेल्या आणि कन्सोलवर आलेली प्रत्येक ओळ साठवणाऱ्या यंत्राची करावी. मध्यरात्री स्विच का पडला, याचे उत्तर पुष्कळदा त्या साठवलेल्या शेवटच्या ओळींतच असते.

टर्मिनल सर्व्हर म्हणजे साऱ्या उपकरणांच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. सिस्कोच्या राऊटरचा विसरलेला पासवर्ड कन्सोलवरूनच बदलता येतो, आणि जे आपल्याला शक्य आहे ते आत शिरलेल्या परक्यालाही शक्य आहे. म्हणून तो व्हीपीएनबाहेर कधीही उघडा ठेवू नये आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र खाते द्यावे. लॉगिनची पडताळणी इंदूरचा सर्व्हर करत असेल, तर तो गाठता न आल्यास यंत्रातलेच एक स्थानिक खाते चालेल अशी सोय हवी. नाहीतर वाट उघडी असूनही दार बंद राहील. उपकरणांच्या कन्सोलवर ठराविक वेळाने आपोआप लॉगआउट होईल असे ठरवावे, कारण कोणी तसेच उघडे सोडलेले सत्र पुढच्या माणसाच्या हाती पूर्ण अधिकारांसह पडते. टर्मिनल सर्व्हर आणि फोर-जी राऊटर हे दोन्ही यूपीएसवर असणे तर ओघानेच आले.

जाता जाता एक बिनखर्ची सवय सांगतो. धोक्याचा बदल करण्यापूर्वी सिस्कोवर ‘रिलोड इन १०’ द्यावे. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राऊटर जुन्या, साठवलेल्या मांडणीसह (कॉन्फिगरेशनसह) पुन्हा उठतो; सगळे ठीक असेल तर आज्ञा रद्द करून मग नवी मांडणी साठवावी. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांवर हेच काम ‘कमिट कन्फर्म्ड’ करते.

प्रश्न : रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि यूएसबी कन्सोल केबल वापरून घरी छोटा टर्मिनल सर्व्हर करता येईल का?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : जरूर येईल. ‘सेर-टू-नेट’ किंवा ‘कॉन्सर्व्हर’ हे मोफत प्रोग्राम त्यासाठीच आहेत. दुसरा नोंदीही साठवतो. केबल घेताना एफटीडीआय कंपनीच्या चिपची घ्यावी. रास्पबेरी पाय पुन्हा सुरू झाल्यावर यूएसबी पोर्टचे क्रमांक बदलू शकतात आणि कालचा स्विच आज राऊटरच्या जागी दिसतो. एफटीडीआयच्या केबलमध्ये सहसा स्वतंत्र अनुक्रमांक असतो, त्यावरून यूडेव्हच्या (लिनक्समधील, जोडलेल्या उपकरणांना नावे देणाऱ्या सोयीच्या) नियमांत प्रत्येकीला कायमचे नाव देता येते. स्वस्त केबलमध्ये तो बहुधा नसतो, तेव्हा ती कोणत्या भोकात खोचली आहे त्यावरून नाव द्यावे लागते आणि मग केबलची जागा बदलायची नाही.