महाराष्ट्र-वाकायामा मैत्रीचा आपल्या खानदेशाला काही उपयोग झाला का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात महाराष्ट्र आणि जपानच्या वाकायामा प्रांताच्या मैत्रीवर कार्यक्रम ठेवायचाय, पण असल्या करारांतून शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो सोडून काही निघतं का? निघतं भाऊ, फक्त लोक श्रेय भलत्यालाच देतात. माझा जळगावात टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे, अजिंठ्याची भाडी कायम असतात, त्यामुळे यातलं बरंच जवळून बघितलंय.

आमच्या स्टँडवर कोणालाही विचारा, तो सांगेल की अजिंठ्याला जे काय झालं ते जपाननी दिलं. दिलं खरं, पण कर्ज म्हणून, आणि तेही या मैत्रीच्या कितीतरी आधी. 1992 ला पहिला टप्पा, 2003 ला दुसरा, दोन्ही येनमधली कर्जं, त्यात लेण्यांचं जतन, रस्ते, पाणीपुरवठा, झाडं लावणं, संभाजीनगरचा विमानतळ असं सगळं होतं. लेण्यांकडे वळायच्या फाट्यावरचं, फर्दापूर टी-पॉइंटचं व्हिजिटर सेंटरही त्यातलंच. 1, 2, 16 आणि 17 नंबरच्या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या आत, एवढा खर्च झाला, आणि मग पाणी-विजेची बिलं थकली म्हणून ते बंद पडलं. बांधायला कर्ज मिळतं पण चालवायला कोणी वाली नसतो, हे आपलं नेहमीचंच.

वाकायामाशी करार झाला 2013 ला, तेव्हा आपल्याकडे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते आणि तिकडे निसाका गव्हर्नर. पर्यटन, अन्नप्रक्रिया असले विषय. हा करार म्हणजे ओळख करून देणं, थैली सोडणं नव्हे, आणि ज्यांना हे कळत नाही ते दहा वर्षांनी "काय मिळालं?" विचारत बसतात. ओळखीतून काय होतं त्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कोयासान. वाकायामातल्या डोंगरावरचं हे बौद्ध तीर्थ कूकाई नावाच्या भिक्षूनी नवव्या शतकात वसवलं, 2015 ला त्याला 1200 वर्षं झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला, अनावरणाला आपले मुख्यमंत्री फडणवीस गेले होते. एखादं विद्यापीठ आपल्या आवारात परक्या देशातल्या माणसाचा पुतळा उगाच बसवत नाही, त्याआधी बऱ्याच जणांचं येणंजाणं, बोलणंचालणं झालेलं असतं. कार्यक्रमात हे घ्याच.

आणि अजिंठा-जपान नातं करारापेक्षा खूप जुनं आहे. अराई कांपो नावाचे जपानी चित्रकार रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून भारतात आले आणि 1917-18 च्या सुमारास अजिंठ्यात बसून त्यांनी भित्तिचित्रांच्या नकला केल्या. कशा केल्या असतील तेव्हा, ना लाइट ना धड रस्ता! त्या नकला टोकियोला नेल्या आणि 1923 च्या भूकंपात, आगीत गेल्या. हे आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही.

जपानी पाहुणे लेण्यांत वागतात कसे तेपण बघण्यासारखं असतं. मागे एका आजोबांना घेऊन गेलो होतो. 1 नंबरच्या लेणीबाहेर त्यांनी बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला करून ओळीत ठेवले, आणि शेजारी मी भिरकावलेल्या माझ्या चपला होत्या त्यापण उचलून तशाच नीट लावल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहिले ते हलेनातच, गाइड घड्याळ बघतोय, मागची सहल ढकलतेय, यांचं आपलं हात जोडून चाललंय. परतीच्या वाटेवर पहूरजवळ ओळखीच्यांच्या शेतात भरीत पार्टी होती तिथे थांबलो. पऱ्हाट्यांवर वांगी भाजलेली बघून म्हणे आमच्याकडेपण वांगं असंच भाजतात आणि आलं-सोया सॉस लावून खातात. योगायोग म्हणजे जपानी सोया सॉसचं मूळ गाव समजतात ते युआसा वाकायामातच आहे. जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, केळीलाही आहे, वाकायामा तिकडच्या संत्र्यांसाठी आणि उमे नावाच्या आंबट फळासाठी प्रसिद्ध, म्हणजे अन्नप्रक्रियेत दोघांनाही करण्यासारखं भरपूर आहे, पण आपली अर्धी केळी अजून ट्रकमध्ये भरून कच्चीच बाहेर जातात यावर कोण बोलणार.

कार्यक्रमात किमोनो घालून फॅन्सी ड्रेस तेवढा करू नका प्लीज. त्यापेक्षा वारीचा विषय घ्या. वाकायामातला कुमानो कोदो हा जुना यात्रामार्ग 2004 पासून जागतिक वारशात आहे, लोक आजही तो पायी चालतात, आणि स्पेनच्या सांतियागोच्या यात्रेच्या वाटेशी त्याचं 1998 पासून भगिनी-मार्गाचं नातं आहे. आपल्याकडे मुक्ताईनगरहून पंढरपूरला पालखी पायी जाते, त्यातले दोन-चार वारकरी बोलवा, शेजारी कुमानोचे फोटो लावा, बघा हॉल कसा भरतो ते.

सहल जोडणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आणि जळगावहून सकाळी लवकर निघा, साठेक किलोमीटरच आहे पण फर्दापूरला खाजगी गाडी सोडून पुढे लेण्यांकडे जाणाऱ्या बसनी जावं लागतं, तिथल्या रांगेत वेळ जातो.