'इंडिका' नाव असलेलं प्रत्येक झाड भारतीय असतं का?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. आंबा, चिंच, कडुलिंब, शेकरू, घूस यांच्या लॅटिन शास्त्रीय नावात, वर टाटांच्या गाडीच्या नावात, 'इंडिका' (म्हणजे 'हिंदची') कसं आलं? नावात ते असलं की झाड देशी धरायचं का? आणि तुम्ही काढणार आहात त्या रोपवाटिकेला 'इंडिका' हे नाव शोभेल का? मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, अजिबात धरू नका. याच समजुतीपायी चार लोकांत माझ्या रोपांना नावं ठेवली गेली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

आमची रोपवाटिका बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. लाल माती, खाली जांभा, आणि पश्चिमेला कणकुंबीकडून येणारा पाऊस असा की पावसाळ्यात सखल जमीन आठवडेच्या आठवडे पाणी धरून बसते. गिऱ्हाईक दोन्हीकडचं. चंदगडकडचा माणूस 'ऐन' मागतो, धारवाडकडचा 'मत्ती', झाड एकच. जांभूळ म्हणजे नेरळे, चिंच म्हणजे हुणसे. कुणाचं नाव वर लिहायचं यावरून आपल्या भागात किती डोकी तापतात ते सांगायला नको. म्हणून प्रत्येक वाफ्यावर मी पाटी लावते: वर लॅटिन नाव, खाली मराठी आणि कानडी शेजारी शेजारी. बॉटनी शिकले ती याच कामाला आली. आमच्या आत्ती सुरुवातीला विचारायच्या, "कुणासाठी लिहूलीस गं हे?" पुढे त्याच गिऱ्हाइकाला पाटी वाचून दाखवायला लागल्या.

तर आमच्या जवळच्या एका गावात मंडळानं ठरवलं की तळ्याच्या बांधावर आणि शाळेच्या कुंपणाला फक्त देशी झाडं लावायची. चांगलाच विचार होता, मला मनापासून आनंद झाला. यादी करायचं काम एका निवृत्त शिक्षकांकडे होतं. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. सर मोबाईलवर यादी घेऊन आले आणि म्हणाले, "वैनी, नावात इंडिका असेल तेवढंच द्या. बाकीचं विलायती आम्हाला नको."

मग सर पाट्या वाचत वाफ्या-वाफ्यातून फिरले. किंजळ, टर्मिनालिया पॅनिक्युलाटा: नको. नाणा, लॅगरस्ट्रोमिया मायक्रोकार्पा: हे तर कुणा साहेबाचं नाव, नको. साहेबाचं आहे हे खरंच. लॅगरस्ट्रोम हा स्वीडनचा व्यापारी, लिनीयसचा स्नेही. लिनीयस म्हणजे झाडा-प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावं द्यायची रीत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ. पण नाणा सह्याद्रीचा आहे, आमच्या रानात तो कुणी लावावा लागत नाही. हिरड्याला टर्मिनालिया चेबुला म्हणतात आणि ते 'चेबुला' काबूलवरून आलं, हे मीच सांगितलं. झालं, हिरडा अफगाणी ठरला. ज्या हिरड्यासाठी आमच्या आजेसासूबाई रानात जायच्या तो अफगाणी! आणि कर्दळ मात्र सरांनी हौसेनं घेतली, कारण पाटीवर 'कॅना इंडिका' होतं. कर्दळ मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली.

सगळ्यात जास्त लागलं ते सीता-अशोकाचं. बी धरण्यापासून रोप हाताएवढं होईपर्यंत मी त्याला जपते. ओढ्याकाठच्या सावलीतलं झाड आहे, रानात आता विरळ झालंय. सरांच्या यादीत 'साराका इंडिका' होतं, माझ्या पाटीवर 'साराका असोका'. सर म्हणाले, हा खरा अशोक नव्हे. आता खरं काय ते ऐका. 'साराका इंडिका' हे नाव लिनीयसनं 1767 साली दिलं, आणि ते झाड जावा-मलायाकडचं आहे. आपल्याकडच्या पुस्तकांत ते नाव आपल्या अशोकाला चिकटलं आणि वर्षानुवर्षं तसंच छापत राहिले. आपल्या अशोकाला रॉक्सबर्ग या वनस्पतीशास्त्रज्ञानं 'जोनेसिया असोका' म्हटलं होतं, त्यातलं 'जोनेसिया' संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याच्या सन्मानासाठी. पुढे त्याला साराका कुळीत घेतलं (लॅटिन नावातला पहिला शब्द ज्यांचा एकच, ती एक कुळी) तरी 'असोका' राहिलं. म्हणजे 'इंडिका' लिहिलेला अशोक परदेशी, आणि 'असोका' लिहिलेला आपला. हे मी वाफ्यापाशी उभं राहून सांगितलं. ऐकून घेतलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. लिनीयसनं 1753 च्या ग्रंथात झाडांना दोन शब्दांची नावं दिली तेव्हा त्याच्या लेखी 'इंडिया' म्हणजे सिंधूपासून पार जावापर्यंतचा सगळा पूर्वेकडचा मुलूख, आणि कोलंबसाच्या घोळामुळे पलीकडची अमेरिकाही 'इंडीज'च. तो स्वतः इकडे कधी आलाच नाही. वाळवलेल्या फांद्या आणि दुसऱ्यांची पुस्तकं यांवर त्याचं काम चाललं. मलबारच्या झाडांसाठी त्याला तिथला डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या ग्रंथाचे 12 खंड होते, 1678 ते 1693 मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेले. आंब्याच्या 'मँगिफेरा'मधला 'मँगि' हा मल्याळी 'मांगा'च आहे. आंबा खराच आपल्याकडचा, तिथे 'इंडिका' बरोबर बसलं. चिंचेचं उलट. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदचा खजूर. त्याचं लॅटिनमध्ये 'टॅमरिंडस' झालं आणि लिनीयसनं मागे आणखी 'इंडिका' जोडलं. नावात हिंद दोनदा, आणि झाड मुळात आफ्रिकेचं. जनावरांच्या चाऱ्यासाठी बिनकाट्याचा मोठा निवडुंग लावा म्हणतात, त्याच्या नावात 'फायकस-इंडिका' आहे, म्हणजे हिंदी अंजीर. तो मेक्सिकोचा.

नियम असा की एका कुळीत 'इंडिका' एकदाच वापरता येतं, पण वेगवेगळ्या कितीही कुळींत चालतं. आणि एकदा रीतसर दिलेलं नाव नुसतं अर्थाला चुकीचं आहे म्हणून काढून टाकता येत नाही. म्हणून कर्दळ 'इंडिका' राहिली आणि राहणार. शब्दाची शेपटी तेवढी बदलते, आपण चांगला-चांगली-चांगलं म्हणतो तशी: आंब्याला इंडिका, तिळाला इंडिकम, आपल्या वशिंडाच्या गाई-बैलांना 'बॉस इंडिकस'. चिकोडी-अथणीकडची खिलार त्यातच आली. प्राण्यांतही तसंच. भीमगडच्या रानातलं शेकरू 'राटुफा इंडिका', ते भारताबाहेर कुठे नाही. साळिंदर 'हिस्ट्रिक्स इंडिका', ते पार तुर्कस्तान-अरबस्तानापर्यंत आहे. एकच शब्द, दोन्हीकडे खरेपणा सारखा नाही.

पुढे काय झालं तेही लिहिते. सरांनी तळ्याच्या बांधासाठी बहुतेक कडुलिंबच नेला, कारण 'ॲझाडिराक्टा इंडिका'. कडुलिंब देशी आहे, वाद नाही. पण तो गोकाक, अथणी, रामदुर्गच्या कोरड्या मातीतला. आमच्याकडच्या पाणी धरणाऱ्या बांधावर त्याची मुळं कुजतात. रोपं नेताना मी वहीत लिहून ठेवलं: कडुलिंब पाणथळ जागी टिकणार नाही असे सांगितले आहे. खाली नेणाऱ्याची सही घेतली. पावसाळा सरेपर्यंत बांधावरची रोपं पिवळी पडून गेली, आणि मंडळाच्या बैठकीत ठरलं की रोपंच कमकुवत होती. गावातल्या सगळ्यांसमोर हे बोललं गेलं. वही बघायला कुणी मागितली नाही. त्या हंगामात त्या गावातलं एकही गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नाही.

सरांनी नाकारलेली किंजळ आणि नाण्याची रोपं आम्ही आमच्याच शेताच्या ओढ्याकडच्या बांधाला लावली. तिथेही पाणी तसंच साचतं. ती जगली, एक दोन सोडून. नंतर मंडळातल्याच दोन तरुण पोरांनी येऊन ती बघितली आणि किंजळ मागून नेली. सर आले नाहीत.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की देशीपणा पाटीवरून ठरवणारा माणूस झाडं लावण्याच्या कामात पडूच नये. 'भारतीय' हा शब्द एवढ्या मोठ्या मुलुखाला उद्देशून आहे की त्यावरून झाड तुमच्या बांधावर जगेल का हे कळत नाही. अथणीत जे आपलं ते खानापुरात आपलं असेलच असं नाही, आणि एका जिल्ह्यात आहेत म्हणून माती एक होत नाही. तुमच्या गावाजवळ देवाचं राखलेलं रान असेल तर तिथे जा. बिनलावता काय उगवलंय ते बघा, म्हाताऱ्या माणसांना नावं विचारा, मग बी गोळा करा. नाव मराठीत मिळो की कानडीत, आधी ते नीट ऐका आणि त्यानंतर लॅटिन शोधा. लॅटिन नाव झाड ओळखण्यासाठी आहे, त्याचा मूळ मुलूख ठरवायला नाही. सरांशी माझा वाद एवढ्यावरच होता.

यात काही गोष्टी राहिल्या. बाहेरून आलेलं सगळं वाईट असं मी म्हणत नाही. चिंच आपल्याकडे इतक्या जुन्या काळापासून आहे की तिला परकी म्हणून तोडायला निघाला तर आधी मीच आडवी येईन. कर्दळही सांडपाण्याच्या वाटेवर खुशाल लावा. कडुलिंब बेळगाव शहराच्या पूर्वेला, निचऱ्याच्या जागी उत्तम येतो. आणि सर माणूस म्हणून प्रामाणिक आहेत, त्यांनी मंडळाच्या पैशाला कधी हात लावलेला नाही.

रोपवाटिकेच्या नावाचं: ठेवायचं तर ठेवा, कुणाचं काही जात नाही. टाटांनी 1998 साली गाडीला हेच नाव दिलं तेव्हा ती भारतीय बनावटीची गाडी म्हणून केवढं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. तिचा बाह्य आकार मात्र इटलीत, ट्युरिनच्या एका संस्थेत घडला होता. आमच्या घरीही ती होती, मागची सीट पाडून तीत रोपं भरायचो. पण रोपवाटिकेच्या बाबतीत गिऱ्हाईक नावावरून तुमच्याकडे देशी झाडंच असणार असं धरून येईल, आणि तुम्ही कर्दळही विकणार. ते प्रत्येकाला समजावून सांगायची तयारी असेल तरच ठेवा. मी असते तर गावाचं नाव दिलं असतं.

आणि सीता-अशोक ठेवणार असाल तर रोप घेताना पाटीवर 'साराका असोका' आहे का बघा. 'साराका इंडिका' म्हणून कुणी देत असेल तर जुन्या पुस्तकावरून लिहिलंय की बी खरंच दुसरीकडचं आहे, ते विचारून मगच पैसे द्या.