३७७ तर गेलं, मग एलजीबीटी हक्कांसाठी काम करणारे लोक वर्षभर करतात काय?

तुमचा प्रश्न असा आहे की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जाऊन इतकी वर्षं झाली, आता प्राइडच्या मिरवणुकीपलीकडे या संस्थांना काम काय उरलंय? मी राज्यातल्या लहान लहान गटांच्या एका जाळ्यात हेल्पलाइन आणि कागदपत्रं बघते. २०२४ या एकाच वर्षाचं सांगते.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी मात्र केंद्राने समिती नेमायची होती. ती एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. ऑगस्टच्या अखेरीस अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला काहीच आडकाठी नाही.

बातमी सगळीकडे फिरली, पण बँकेच्या काउंटरवर पोचली नाही. बरीच वर्षं एकत्र राहणाऱ्या दोघींसोबत मी तालुक्याच्या गावी बँकेत गेले होते. नॉमिनीच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यांनी ‘जोडीदार’ लिहिलं. काउंटरवरचा मुलगा हळूच म्हणाला, “बहीण लिहा ना ताई, लगेच होऊन जाईल.” तो आपल्या परीने मदतच करत होता. पण उद्या एकीचं बरंवाईट झालं, तर माहेरची माणसं त्याच खोट्या नात्यावर बोट ठेवून दुसरीला कोर्टात खेचणार. आम्ही खुलाशाची प्रत मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी वर फोन लावला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सही-शिक्का मिळाला. फॉर्मवर ‘जोडीदार’ तसंच राहिलं.

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) ओळखपत्रांसाठी शिबिरं घेणं, आधारवरचं आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळवत बसणं, हे बारा महिने चालूच असतं.

सगळ्यात जीव टांगणीला लागतो तो घर सोडून आलेल्या मुलींच्या फोनमुळे. दोघी सज्ञान असतात. घरचे गावच्या ठाण्यात मिसिंग दाखल करतात आणि ‘फक्त जबाबाला या’ म्हणून निरोप येतो. तिथे गेल्यावर एकदा का मुलीला आईबापांसोबत पाठवलं, की तिचा फोन बंद होतो आणि घरात स्थळं यायला लागतात. ११ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा हेबियस कॉर्पस प्रकरणांसाठी, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशा याचिकांसाठी, न्यायालयांना सूचना दिल्या. त्या व्यक्तीशी एकांतात बोला, तिची इच्छा विचारा, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका. सूचना चांगल्या आहेत, पण त्या आहेत न्यायाधीशांसाठी, आणि मुलीची पहिली गाठ पडते ती ठाणे अंमलदाराशी. म्हणून ‘मी स्वखुशीने घर सोडलं आहे’ असा अर्ज आम्ही तिला आधीच लिहायला लावतो आणि ती राहते तिथल्या ठाण्यात देऊन पोच घेतो. ती पोच जवळ असली की जबाब आहे तिथेच घ्या, असं ठामपणे सांगता येतं.

आता ३७७ बद्दल. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान माणसांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. जबरदस्तीसाठी मात्र ते कलम शिल्लक होतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात हे कलम मुळातच नाही. म्हणजे आज एखाद्या प्रौढ पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला, तर त्यासाठी वेगळं कलमच नाही. मारहाणीची नोंद करून त्याची बोळवण होते. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा ६ महिने ते २ वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान १० वर्षं. हा फरक मला सहन होत नाही. आमच्या वकील मैत्रिणींनी त्या वर्षाचा उरलेला काळ निवेदनं लिहिण्यात घालवला आणि ती पोकळी अजून भरलेली नाही. ज्या कलमाविरुद्ध आम्ही घोषणा दिल्या, त्याचा हा उरलेला भाग बदलून हवा होता, पुसून नको होता.

जानेवारी २०२५ मध्ये विवाहाच्या निकालावरच्या पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्या आठवड्यातही हेल्पलाइन चालूच होती.

तुम्हाला हातभार लावायचा असेल तर मिरवणुकीला जरूर या. पण आम्हाला त्याहून जास्त गरज आहे ती जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या, कामाच्या दिवशी सकाळी अकराला मोकळ्या असणाऱ्या आणि अनोळखी माणसासोबत ठाण्यात किंवा कलेक्टर कचेरीत बसून राहायची तयारी असलेल्या लोकांची. कायदा शिकवायचं काम आम्ही करू.