अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असूनही फोल्डर का उघडत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, घरच्या विंडोज संगणकावर एकच खाते आहे आणि तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, तरीही काही फोल्डर उघडताना परवानगी का नाकारली जाते, आणि संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी स्वतःकडे घेतल्यास ही कटकट मिटेल का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: तसे करू नये.

२००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केले की त्याच्यासाठी दोन टोकन, म्हणजे अधिकारांची ओळखपत्रे, तयार होतात, एक मर्यादित अधिकारांचे आणि दुसरे पूर्ण अधिकारांचे. रोजची कामे पहिल्यावरच चालतात. स्क्रीन अंधारून येणाऱ्या चौकटीत आपण ‘होय’ म्हणतो, तेव्हाच त्या एका प्रोग्रामपुरते दुसरे वापरले जाते.

शिवाय प्रत्येक फोल्डरला स्वतःचा मालक आणि परवानग्यांची स्वतंत्र यादी असते. विंडोजच्या बहुतेक मूळ फायलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ ही विंडोजचीच एक अंतर्गत सेवा असते आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला त्या फक्त वाचता व चालवता येतात. यादी बदलून घेण्याचा अधिकार त्याला आहे, पण यादीत त्याचे नाव आधीपासून असेलच असे नाही. बहुतेकांचा गोंधळ होतो तो नेमका इथेच.

काही ठिकाणी तर उघडण्यासारखे काही नसतेच. सी ड्राइव्हवरील ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हा खरा फोल्डर नसून जुन्या प्रोग्रामांना ‘युजर्स’कडे वळवणारा दुवा आहे, आणि त्यातील यादी पाहण्यास सर्वांनाच मुद्दाम मनाई केलेली आहे. त्याची मालकी घेऊन हाती काहीही लागत नाही. ‘विंडोजअ‍ॅप्स’ या स्टोअरमधील अ‍ॅप्स साठवणाऱ्या फोल्डरवर मी एकदा मालकी घेण्याचा हा उद्योग केला, आतील सर्व परवानग्याही बदलल्या, आणि त्यानंतर साधा कॅल्क्युलेटर उघडेनासा झाला. शेवटी विंडोज नव्याने टाकावे लागले.

मालकी घेणे योग्य ठरते ते जुन्या हार्ड डिस्कवरील आपल्याच फायलींसाठी. खात्याचे नाव तेच ठेवले, तरी नव्या विंडोजमध्ये त्याचा अंतर्गत ओळखक्रमांक वेगळा असतो. म्हणूनच तेथे मालकाच्या जागी नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी लांबलचक संख्या दिसते. अशा वेळी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील सिक्युरिटी, त्यातील अ‍ॅडव्हान्स्ड येथे जाऊन मालक बदलावा व आपल्या खात्याला परवानगी द्यावी. फोल्डर उघडताना येणारे ‘कंटिन्यू’ बटण दाबल्यासही आपले नाव यादीत जाते, पण ते तात्पुरते नव्हे, कायमचे, आणि मग आपल्या खात्यावर चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला तो फोल्डर मोकळा होतो. जुन्या फायली विंडोजच्याच सोयीने एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, केलेल्या असतील, तर मात्र मालकी बदलूनही त्या उघडणार नाहीत; त्यासाठी एन्क्रिप्ट करतानाचे डिजिटल प्रमाणपत्र आणि त्याची खासगी की लागते.