सॉफ्टवेअर बाहेरून करून घेण्यापूर्वी
तुमच्या स्टार्टअपचे सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यावे की स्वतःची टीम उभी करावी, हे ठरवताना केवळ खर्चाचा हिशेब मांडू नका. ज्या भागासाठी ग्राहक तुमच्याकडे येणार आहे, तो सुरुवातीला सतत बदलावा लागतो आणि प्रत्येक बदलासाठी नवे कोटेशन मागवत बसल्यास काम रेंगाळते. म्हणून तो आपल्याच टीमकडे ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. माहितीपर वेबसाइट किंवा टेस्टिंग खुशाल बाहेर द्या.

मात्र करार बारकाईने वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक, वेगळा करार नसल्यास, कंपनीच असते. बाहेरच्या कंत्राटदाराकडून मात्र हक्क लेखी व सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्यातही करारात मुदत लिहिली नसेल, तर हस्तांतरण 5 वर्षांपुरतेच, आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरतेच धरले जाते, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. गिटहब (कोड साठवण्याची ऑनलाइन जागा), क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर) व डोमेनची (वेबसाइटच्या पत्त्याची) खाती पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कंपनीच्या नावाने काढा, आणि आलेला कोड वाचून तपासू शकेल असा एक तरी जाणकार माणूस आपल्या बाजूने नेमा.