पेस्ट कंट्रोल करताना घरातल्या प्राण्यांची काळजी

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे

प्रश्न : आम्ही ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो. घरात एक मांजर आहे आणि दिवाणखान्यात माशांची टाकी आहे. सोसायटीने ठरवलेल्या कंपनीचा माणूस दर चार महिन्यांनी झुरळांसाठी फवारणी करतो आणि स्वयंपाकघरात जेलही लावतो. औषधाला वास नाही, दोन तास बाहेर बसलात की झाले, असे तो सांगतो. एवढी खबरदारी पुरेशी आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मांजराच्या बाबतीत ती अपुरी आहे आणि माशांच्या बाबतीत तर ती खबरदारीच नव्हे. औषधाला वास नसणे हा ते निरुपद्रवी असल्याचा पुरावा होत नाही. उलट घरगुती वापराची बरीचशी औषधे मुद्दामच वास न येणारी बनवलेली असतात. म्हणून त्या माणसाला पहिला प्रश्न औषधाच्या नावाचा विचारावा, आणि तोंडी उत्तरावर समाधान न मानता मूळ डबा पाहावा. व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला कीटकनाशक नियम, १९७१ नुसार परवाना लागतो; तोही पाहायला मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो आणि लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत सौम्य, असा त्याचा अर्थ आहे. मात्र ही वर्गवारी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या पोटात किंवा त्वचेवर किती मात्रा गेली असता ती घातक ठरते, यावरून केलेली असते. मासा किंवा पक्षी यांच्याविषयी तो रंग काहीच सांगत नाही.

फवारणीत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधे असतात. कुत्रा आणि माणूस ही औषधे शरीरात बऱ्यापैकी वेगाने निकामी करतात, परंतु मांजराच्या यकृतात त्या कामासाठी लागणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण फार कमी असल्यामुळे औषध त्याच्या शरीरात रेंगाळते. मांजराच्या गंभीर विषबाधा बहुधा कुत्र्यांच्या गोचिडांसाठी असलेले परमेथ्रिनचे तीव्र द्रावण मांजराच्या मानेवर लावल्याने होतात. घरात फवारतात ते द्रावण त्या मानाने पुष्कळ पातळ असते, हेही सांगायला हवे. तरीही मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटून स्वच्छ करते, म्हणजे पायाला लागलेले औषध थेट पोटात जाते. तेव्हा घड्याळाकडे न पाहता फरशी आणि भिंतीचा खालचा भाग पूर्ण वाळला आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत दोन तासांत काहीच वाळत नाही. सकाळी फवारणी झाली, तर मांजराला त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवावे, परत आणण्यापूर्वी खिडक्या उघडून पंखे चालवावेत आणि वावरण्याची मधली फरशी पुसून घ्यावी. कोपरे आणि फटी मात्र पुसू नयेत. त्याचे अन्नपाण्याचे भांडे, अंथरूण आणि लिटर ट्रे आधीच घराबाहेर काढावेत.

माशांना पायरेथ्रॉइड अत्यल्प मात्रेतही मारक ठरते. टाकीवर प्लास्टिक झाकून पंप चालू ठेवणारे पुष्कळ लोक आहेत, पण पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे झाकण्याला काही अर्थ उरत नाही. पंप बंद करून टाकी तासन्‌तास झाकून ठेवली तर दाटीच्या टाकीतले मासे प्राणवायूअभावी गुदमरतात. टाकी असलेल्या खोलीत फवारणी होऊच न देणे हाच खरा मार्ग आहे.

आता माझे स्पष्ट मत. तुमच्या घराला फवारणीची गरजच दिसत नाही. झुरळांसाठी जेल पुरेसे असते. त्यात फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के इतकेच औषध असते, आणि त्याचे बारीक ठिपके बिजागऱ्यांत, कपाटाच्या सांध्यांत, सिंकच्या मागे लावले जात असल्यामुळे मांजराची जीभ तिथे सहसा पोहोचत नाही. शिवाय पायरेथ्रॉइडला झुरळे बिचकतात. जेलच्या आसपास फवारणी केली की ती त्या आमिषाकडे फिरकत नाहीत. दोन्हींचे पैसे घेऊन एकाने दुसऱ्याचे काम बिघडवण्याचा हा प्रकार सर्रास चालतो. तुमच्या फ्लॅटपुरते फक्त जेल लावावे, असे सोसायटीला लेखी कळवा.

इतकी काळजी घेऊनही मांजराला लाळ सुटली, कान किंवा अंग थरथरू लागले, चाल अडखळली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. अंगाला औषध लागले असल्यास हातमोजे घालून कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा द्रव साबण यांनी त्याला धुवावे, टॉवेलमध्ये गुंडाळून उबेत ठेवावे आणि औषधाच्या नावासह दवाखान्यात न्यावे. झटके येत असतील तर अंघोळीत वेळ घालवू नये. दूध पाजल्याने विष उतरते ही समजूत निराधार आहे.

प्रश्न : आमच्याकडे लव्हबर्ड्‌सची जोडी आहे. ढेकणांसाठी फवारणी करायची आहे. पिंजरा गॅलरीत ठेवला तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालणार नाही. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवेतला घटक त्यांच्या रक्तात आपल्यापेक्षा फार लवकर उतरतो. खिडकीतून बाहेर पडणारी हवा गॅलरीतच येते. पिंजरा फवारणीच्या आदल्या रात्री नातेवाइकांकडे किंवा शेजाऱ्यांकडे पोहोचवावा आणि दुसऱ्या दिवशी घर चांगले हवेशीर झाल्यावर आणावा. तोपर्यंत घरात मच्छर कॉइलही लावू नये.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात धान्याच्या खोलीत उंदीर फार झाले म्हणून दुकानातून औषधाच्या वड्या आणून ठेवल्या. कुत्र्याने त्यातली एक खाल्ली. दोन दिवस तो अगदी ठणठणीत होता, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. चौथ्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी त्याला वाचवले. इतक्या उशिरा परिणाम का झाला, आणि पुढे काय करावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून त्या वड्या ब्रोमॅडिओलोनच्या असाव्यात. बाजारात त्या ०.००५ टक्के प्रमाणात मिळतात. हे औषध रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाचा शरीरातला पुनर्वापर थांबवते. रक्तातले आधीचे गोठणघटक संपेपर्यंत प्राणी धडधाकट दिसतो, आणि तीन ते पाच दिवसांनी कुठूनही रक्तस्राव सुरू होतो. कधी तो बाहेर दिसतच नाही. छातीत किंवा पोटात रक्त साचते आणि कुत्रा नुसता मलूल होऊन धापा टाकतो. यावर के-१ जीवनसत्त्व हा खात्रीचा उतारा आहे, परंतु तो काही आठवडे द्यावा लागतो आणि थांबवल्यानंतर दोन दिवसांनी रक्त गोठण्याची चाचणी करून घ्यावी लागते. कुत्रा बरा दिसतो म्हणून गोळ्या मध्येच बंद केल्या, की तोच प्रसंग पुन्हा ओढवतो. तुम्हीही डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करा.

उंदरांचे दुसरे जुने औषध म्हणजे झिंक फॉस्फाइडची काळपट पूड, जी पिठात मिसळून ठेवतात. तिची गोष्ट अगदी उलट आहे. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन वायू तयार होतो आणि काही मिनिटांपासून काही तासांत लक्षणे दिसतात. अशा वेळी भाकरी किंवा दूध देणे घातक आहे, कारण अन्न पोटात गेले की आम्ल वाढते. ओकारीतून येणारा वायू माणसालाही बाधतो, म्हणून कुत्र्याला नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. कोणत्याही औषधाच्या बाबतीत मिठाचे पाणी पाजून घरीच ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्या मिठानेच कुत्रे दगावू शकते. रिकामे पाकीट मात्र दवाखान्यात बरोबर न्यावे, कारण उपचार त्यावरच ठरतात.

पुढे वाड्यात पिंजरे लावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा आणि भिंतीतली बिळे काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बुजवा. औषध वापरणे भागच असेल तर ते कुलूपबंद आमिषपेटीत ठेवावे आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. औषध खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्यापर्यंत पोहोचते, आणि गावात उंदरांवर खरा वचक त्यांचाच असतो.

प्रश्न : वाळवीसाठी घराच्या जोत्याभोवती भोके पाडून औषध भरणार आहेत. आमचा लॅब्रेडॉर अंगणात मोकळा असतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : या कामात क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड वापरतात. औषध जमिनीखाली जाऊन भोके सिमेंटने बंद झाल्यावर कुत्र्याला फारसा धोका राहत नाही. धोका असतो तो काम चालू असताना उघड्या बादलीपासून आणि नंतर अंगणातल्या ओल्या मातीपासून, कारण उकरण्याची सवय असलेला कुत्रा नेमकी तीच ताजी माती उकरतो. ती माती पूर्ण वाळून त्यावर कोरडा थर पडेपर्यंत त्याला बांधून फिरवा. क्लोरपायरिफॉसच्या बाधेत लाळ, उलटी, जुलाब आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसतात. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा पशुवैद्यकांकडे असतो. त्याच आठवड्यात गोचिडांचे औषध लावू नका, म्हणजे लक्षणे कशाची, हा घोळ होणार नाही. घराजवळ विहीर असल्यास काम सुरू होण्यापूर्वीच ती दाखवून द्या आणि तिच्या बाजूला भोके पाडू देऊ नका.

प्रश्न : रसायनांऐवजी हर्बल पेस्ट कंट्रोल किंवा डांबराच्या गोळ्या वापरल्या तर निर्धास्त राहता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. डांबराच्या गोळ्यांमधले नॅफ्थलीन पोटात गेल्यास तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि कुत्र्याची पिल्ले गोळी चेंडूसारखी तोंडात धरतात. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांत टी ट्रीसारखी तेले असतात आणि मांजराला ती बाधतात. तिथेही घटकांची यादी मागा, आणि ती न मिळाल्यास दुसरा माणूस बघा.